दर्याचे राखणदार : सरखेल कान्होजी आंग्रे

आपल्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी एखाद्या थोर महाराष्ट्रीय पुरुषाचे चरित्र लिहावे, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली, तेव्हा माझ्या मनात पहिले नाव आले ते सरखेल कान्होजी आंग्रे यांचे. निवड सांगताच एका स्नेह्यांनी हसून विचारले की, समता कॉलोनीत राहणाऱ्या माणसाला दर्यासारंग कशाला आठवावा? रायपूरकरांचा समुद्र म्हणजे बूढा तालाब! शंका रास्त आहे. ज्या नगरीला कोणत्याही दिशेने सागरकिनारा नाही, तेथील वाचकांपुढे आरमाराच्या गोष्टी सांगणे हे वरवर पाहता विसंगत दिसेल. परंतु थोडा विचार केला तर ध्यानात येते की, आपल्या अंगणात पडलेला पाऊस खारून नदीला मिळतो, खारून शिवनाथाला, शिवनाथ महानदीला आणि महानदी बंगालच्या उपसागराला. शिवाय ज्या नागपूरकर भोसल्यांच्या पाठोपाठ आपल्यापैकी कित्येकांचे पूर्वज या छत्तीसगढात आले, त्याच भोसल्यांच्या ताब्यात १७५१ पासून १८०३ च्या देवगावच्या तहापर्यंत ओडिशाचा किनाराही होता. समुद्र आपल्यापासून दूर आहे, परका मात्र नाही.

आणखी एक कारण आहे. ते वैयक्तिक असले तरी त्याचा या चरित्राशी निकटचा संबंध आहे. ते लेखाच्या उत्तरार्धात सांगेन.

कान्होजींचा जन्म १६६९ च्या सुमाराचा मानला जातो. घराण्याचे मूळ आडनाव संकपाळ. आंगरवाडी या गावावरून पुढे आंग्रे हे नाव रूढ झाले. वडील तुकोजी हे शिवछत्रपतींच्या सेवेत होते आणि त्यांचा वावर कोकणच्या किनाऱ्यावर असे. त्यामुळे कान्होजींचे बालपण हर्णैनजीकच्या सुवर्णदुर्ग या जलदुर्गाच्या सावलीत गेले. घाटावरच्या मुलाला जसे रान कळते, तसा त्यांना दर्या कळू लागला. भरती-ओहोटीच्या वेळा, वाऱ्याचे वळण, पाण्याखालचे खडक, आणि क्षितिजावर उमटणाऱ्या शिडाच्या ठिपक्यावरून ते तारू कोणाचे हे ओळखण्याची विद्या. या विद्येला पोथी नाही. ती नाखव्याच्या शेजारी बसूनच शिकावी लागते.

त्या काळी कोकणच्या किनाऱ्याची स्थिती मोठी गुंतागुंतीची होती. गोवा, चौल आणि वसई येथे पोर्तुगीज होते. जंजिऱ्यास सिद्दी होता व त्याला मोगल बादशहाचे पाठबळ होते. मुंबई बेट १६६८ साली इंग्लंडच्या राजाकडून ईस्ट इंडिया कंपनीकडे आले होते. वेंगुर्ल्यास डचांची वखार होती. भूमी आपली, बंदरे आपली, माल आपला आणि तो वाहून नेणारे हातही बहुतांशी आपलेच. परंतु समुद्रावर परवाना चाले तो परक्याचा. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकापासून असा दंडक घातला होता की, त्यांचा कार्ताझ नावाचा परवाना घेतल्यावाचून कोणत्याही जहाजाने या समुद्रात फिरू नये. आपल्याच दारातून बाहेर पडताना पाहुण्याची परवानगी मागावी, तशातला हा प्रकार होता.

ही विपरीत स्थिती प्रथम ओळखली ती शिवछत्रपतींनी. कल्याण-भिवंडी हाती येताच त्यांनी आरमार उभारण्यास आरंभ केला, १६६४ साली मालवणास सिंधुदुर्गाचा पाया घातला आणि १६७९ साली मुंबईच्या तोंडाशी असलेल्या खांदेरी बेटावर तटबंदी सुरू केली. खांदेरीचे महत्त्व नकाशा पाहिल्यावाचून कळत नाही. थळच्या किनाऱ्यासमोरचे हे छोटेसे बेट मुंबई बंदराच्या दक्षिणेस अशा जागी आहे की, बंदरात शिरणारे व बंदरातून निघणारे जहाज तेथून नजरेस पडते. इंग्रज आणि सिद्दी यांनी ते काम थांबविण्याचा आटोकाट प्रयत्न केला, यातच सर्व काही आले. तोफेचा पल्ला थोडा असतो, डोळ्याचा पल्ला मोठा असतो. खांदेरी हा मराठ्यांचा डोळा होता.

पुढे १६८९ साली संभाजी महाराजांचा वध झाला, रायगड पडला, राजाराम महाराज जिंजीस गेले आणि स्वराज्यावर मोठे संकट कोसळले. किनाऱ्यावरचे किल्ले एकाकी पडले. या धामधुमीत सुवर्णदुर्गावर सिद्दीचे संकट आले असता किल्लेदारच शत्रूला फितूर झाला आणि तरुण कान्होजींनी पुढे होऊन किल्ला राखला, अशी हकीकत परंपरेने चालत आली आहे. तपशिलाविषयी इतिहासकारांत मतभेद असतील. परंतु पडत्या काळात किनारपट्टी हातची जाऊ न देणाऱ्यांत ते अग्रेसर होते, याविषयी शंका नाही. आरमाराचे प्रमुख सिधोजी गुजर १६९८ च्या सुमारास निवर्तले आणि सरखेलपदाची जबाबदारी कान्होजींवर आली. तेव्हा त्यांचे वय तिशीच्या आसपास होते.

येथून पुढची तीस वर्षे म्हणजे कान्होजींचे खरे चरित्र. अलिबागसमोरचा कुलाबा किल्ला आणि दक्षिणेकडे विजयदुर्ग ही त्यांची दोन प्रमुख ठाणी. ओहोटीला पायी जाता येते आणि भरतीला चहूबाजूंनी पाणी वेढते, अशा कुलाब्यातून त्यांनी सारा किनारा जागता ठेवला. आरमारात मुख्यतः दोन जातींची तारवे होती. गुराब हे दोन वा तीन डोलकाठ्यांचे, उथळ बुडाचे जहाज. त्याच्या पुढच्या अंगाला तोफा रोखलेल्या असत. गलबत हे त्याहून लहान, चपळ, शिडांबरोबरच चाळीस-पन्नास वल्ह्यांनी चालणारे. वारा पडला की युरोपियनांचे भारी जहाज जागच्या जागी डुलत राही आणि अशा वेळी गलबते गुराबांना ओढीत शत्रूच्या पिछाडीस नेऊन उभी करीत, कारण त्या बाजूस शत्रूच्या तोफा थोड्या असत. खोल समुद्रात जाऊन बड्या जहाजांशी समोरासमोर झुंजण्याचा हव्यास कान्होजींनी धरला नाही. आपले बळ कोठे आहे आणि कोठे नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

हे बळ केवळ तोफांचे नव्हते. कोळी, भंडारी, गाबीत, खारवी, तसेच किनाऱ्यावरील मुसलमान दर्यावर्दी अशा नाना जातिधर्मांची माणसे त्यांच्या आरमारात होती. काही युरोपियनही त्यांच्या चाकरीत होते. लढणारी ही माणसे मुळात मासे धरणारी, मीठ-तांदूळ वाहणारी, खाडीच्या मुखाशी घर करून राहणारी सामान्य प्रजा होती. पहाटे जाळे टाकावयास गेलेल्या कोळ्याने परके शीड पाहावे आणि ती वार्ता जवळच्या किल्ल्यावर जावी, ही राखणीची पहिली पायरी. दुर्ग हा पहाऱ्याचा शेवट होता. प्रारंभ प्रत्येक होडीत होत असे.

या पहाऱ्याला कान्होजींनी कागदाची जोड दिली. हा कागद म्हणजे दस्तक. मराठ्यांच्या सत्तेखालील समुद्रातून जाणाऱ्या व्यापारी जहाजाने ठराविक रक्कम भरून सरखेलांचे दस्तक घ्यावे, म्हणजे त्याला निर्वेध जाता येईल. दस्तक नसेल तर ते अडविले जाईल. पोर्तुगीज जे दोनशे वर्षे करीत आले होते, तेच आता भूमिपुत्र करू लागले. साहजिकच परक्यांना ते रुचले नाही. कंपनीच्या स्वतःच्या जहाजांविषयी तडजोड होऊ शकत असे. खरा तंटा होता तो निराळाच. मुंबईचे अनेक खासगी व्यापारी आपला माल इंग्रजी निशाणाखाली नेत आणि दस्तकाची रक्कम चुकवीत. निशाण कोणते आहे याला महत्त्व नाही, माल कोणाचा आणि जहाज कोणाचे याला महत्त्व आहे, ही सरखेलांची भूमिका होती. कागदावर एक आणि पोटात दुसरे असलेले जहाज ओळखणे हेच त्यांच्या माणसांचे काम होते. ते काम बंदरातल्या कारकुनाचे नव्हते. ते किनारा जाणणाऱ्या माणसाच्या डोळ्यांचे होते.

इंग्रजांशी पहिली मोठी ठिणगी १७१२ च्या अखेरीस पडली. मुंबईचा गव्हर्नर विल्यम एस्लाबी याची सशस्त्र नौका कान्होजींच्या आरमाराने पकडली. त्या झटापटीत कारवारच्या इंग्रज वखारीचा प्रमुख टॉमस चौन मारला गेला आणि त्याची तरुण पत्नी कैदेत सापडली. १७१३ च्या फेब्रुवारीत तीस हजार रुपये घेऊन तिची सुटका करण्यात आली आणि इंग्रजांशी तात्पुरता तहही झाला.

याच सुमारास घरच्या आघाडीवरही निर्णायक प्रसंग आला. छत्रपती शाहू मोगलांच्या कैदेतून सुटून आले होते. ताराराणी आणि शाहू यांच्या संघर्षात कान्होजी ताराराणींच्या पक्षाचे होते. शाहूंनी पेशवा बहिरोपंत पिंगळे यांना त्यांच्यावर धाडले, तर कान्होजींनी त्यांनाच कैद केले आणि लोहगड घेतला. साताऱ्यावर चालून जाण्याची भाषा होऊ लागली. अशा वेळी शाहूंनी बाळाजी विश्वनाथ यांना पेशवाई देऊन पाठविले. बाळाजी मूळचे श्रीवर्धनचे. किनारा त्यांचाही होता आणि सिद्दीचा जाच त्यांच्याही घराण्याने सोसला होता. तलवारीऐवजी बोलणी झाली. १७१४ च्या आरंभी झालेल्या तहाने कान्होजींनी शाहूंचे स्वामित्व मानले आणि शाहूंनी त्यांचे सरखेलपद कायम करून दहा किल्ले व सोळा लहान ठाणी त्यांच्याकडे ठेवली. मराठी राज्याची जमिनीवरची आणि पाण्यावरची शक्ती एकत्र आली. माझ्या अल्प मतीप्रमाणे कान्होजींच्या आयुष्यातील हा सर्वांत मोठा विजय होय, आणि तो गोळी न झाडता मिळालेला आहे.

१७१५ च्या डिसेंबरात चार्ल्स बून हा मुंबईचा गव्हर्नर होऊन आला. त्याने मुंबईभोवती तट पुरा केला, नवी जहाजे बांधली आणि आंग्र्यांचे पारिपत्य हेच आपले ध्येय ठरविले. १७१७ साली विजयदुर्गावर हल्ला झाला, तो फसला. १७१८ च्या नोव्हेंबरात खांदेरीवर हल्ला झाला, तोही फसला. १७२० साली फ्राम नावाचा तरंगता तोफखाना मुद्दाम तयार करून विजयदुर्गावर पुन्हा स्वारी झाली. पदरी पुन्हा अपयशच आले. अखेर १७२१ साली इंग्लंडच्या राजाच्या आरमारातील युद्धनौका घेऊन कमोडोर टॉमस मॅथ्यूज आला. इंग्रज आणि पोर्तुगीज या दोन प्रतिस्पर्धी सत्तांनी हातमिळवणी केली आणि वर्षाच्या अखेरीस सुमारे सहा हजारांचे संयुक्त सैन्य कुलाब्यावर चालून आले. कान्होजींनी शाहूंकडे मदत मागितली होती. तरुण पेशवा पहिला बाजीराव घाट उतरून आला. हल्ला उधळला गेला, पोर्तुगीजांनी मराठ्यांशी वेगळा तह केला आणि इंग्रज हात चोळीत मुंबईस परतले. पुढे १७२४ साली डचांनी विजयदुर्गावर आरमार पाठविले. त्यांचीही तीच गत झाली. तीन युरोपीय सत्तांना एका मराठी सरखेलाने आपल्या किनाऱ्यावर पाय रोवू दिला नाही.

या काळातच हिराकोट बांधला गेला, अलिबाग वसले व वाढीस लागले आणि आंग्र्यांचे नाणे अलिबागी रुपया म्हणून चालू लागले. ४ जुलै १७२९ रोजी कान्होजींचे देहावसान झाले. त्यांची समाधी अलिबागेत आहे.

चरित्रकाराने केवळ आरती ओवाळू नये. इंग्रजी कागदपत्रांत कान्होजींना चाचा म्हटले आहे. शतकानुशतके ते लेबल त्यांच्या नावाला चिकटून राहिले आणि आपल्याही काही पाठ्यपुस्तकांनी ते नकळत उचलले. छत्रपतींच्या सनदेने सरखेल झालेला, राज्याच्या नावाने जकात घेणारा, तह करणारा आणि ते मोडल्याचा जाब विचारणारा पुरुष चाचा कसा? तसे म्हणावयाचे तर परक्या समुद्रात परवाने विकणाऱ्या पोर्तुगीजांना काय म्हणावे? तथापि हेही मान्य केले पाहिजे की, जकात आणि लूट यांतील सीमारेषा त्या काळी फार पुसट होती. पकडलेल्या जहाजांवरचे खलाशी आणि प्रवासी खंडणी येईपर्यंत बंदिवासात राहात, गरीब व्यापाऱ्याचा माल जाई, आणि कोणते जहाज न्याय्य रीतीने पकडले व कोणते अन्यायाने, याचा निवाडा पकडणाराच करी. पहारा करणाऱ्यावरही पहारा असावा लागतो, हा धडा त्यांच्या चरित्रातून घ्यावयास हरकत नाही.

कान्होजींच्या पश्चात जे घडले ते दुःखद आहे. थोरले सेखोजी १७३३ साली वारले आणि भावाभावांत फूट पडली. संभाजी आणि मानाजी एकमेकांविरुद्ध उभे राहिले. पुढे तुळाजी आंग्रे आणि पेशवे यांचे वितुष्ट इतके विकोपास गेले की, पेशव्यांनी त्यांच्याविरुद्ध इंग्रजांची मदत घेतली. १७५५ साली सुवर्णदुर्ग पडला. १७५६ च्या फेब्रुवारीत वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्ग घेतला आणि आंग्र्यांचे आरमार बंदरातच जळून भस्म झाले. जे बूनला, मॅथ्यूजला आणि डचांना साधले नाही, ते आपल्या आपसांतील वैराने साधले. ज्याला आपण किनारा राखावयास ठेवले, त्याचेच डोळे आपण आपल्या हाताने फोडले. त्यानंतर पश्चिम समुद्रावर इंग्रजांना अडविणारे कोणी उरले नाही.

आता मघाशी राखून ठेवलेली ती गोष्ट. सुमारे वीस वर्षांपूर्वी केंद्र सरकारच्या सेवेत माझी काही काळ कोकणात नेमणूक होती. एके दिवशी एक वृद्ध कोळी कचेरीत आले. खाडीच्या मुखापासून थोड्या अंतरावर दोन दिवस एक अनोळखी नौका उभी आहे, तिची बांधणी आपल्याकडची नाही आणि रात्री ती दिवा लावीत नाही, एवढेच त्यांचे सांगणे होते. मी त्यांना काका म्हणून बसविले, पाणी दिले, लेखी अर्ज मागितला, त्यावर आवक क्रमांक टाकला आणि कागद योग्य त्या मार्गाने पुढे पाठविला. माझ्या दृष्टीने कर्तव्य पूर्ण झाले होते. चार-पाच दिवसांनी कळले की यंत्र बिघडल्याने ती नौका थांबली होती; संशयास्पद असे काही नव्हते. सुदैव! परंतु तोवर तिच्याकडे कोणीही गेलेले नव्हते. पुढे ते काका बाजारात भेटले तेव्हा काही बोलले नाहीत, नुसते हसले. ते हसणे मी अद्याप विसरलो नाही. त्यांनी डोळ्याचे काम चोख केले होते. मी कागदाचे काम केले आणि डोळा निरुपयोगी ठरविला.

हा प्रमाद किती महागात पडू शकतो, हे देशाने पाहिले आहे. १९९३ च्या आरंभी रायगड जिल्ह्यातील शेखाडीच्या किनाऱ्यावर स्फोटके उतरविली गेली आणि १२ मार्च रोजी मुंबईत बॉम्बस्फोट होऊन २५७ माणसे प्राणास मुकली. त्या प्रकरणात सीमाशुल्क आणि पोलीस या खात्यांतील काही जणांना पुढे न्यायालयाने दोषी ठरविले, हे सरकारी सेवकाने खाली मान घालून लिहावे असे वाक्य आहे. शेखाडी श्रीवर्धन तालुक्यात आहे. म्हणजे बाळाजी विश्वनाथांच्याच भूमीत! २००८ च्या नोव्हेंबरात अतिरेकी आले ते कुबेर नावाची पोरबंदरची मासेमारी नौका बळकावून. नौका भारतीय, नोंदणी भारतीय, कागद बिनचूक. आतली माणसे मात्र परकी. मुंबईत कुलाब्यानजीकच्या मच्छीमार वस्तीत ते रबरी होडीतून उतरले, तेव्हा तेथील साध्या रहिवाशांना ते खटकले आणि त्यांनी त्यांना हटकलेही. डोळ्याने आपले काम केले होते. पुढची साखळी तुटलेली होती. त्या हल्ल्यात १६६ जणांचा बळी गेला. २०११ साली पवित नावाचे बेवारस जहाज कोणाच्याही ध्यानात न येता तरंगत थेट जुहूच्या वाळूत येऊन रुतले. याउलट १८ ऑगस्ट २०२२ रोजी हरिहरेश्वरच्या किनाऱ्याशी एक निर्मनुष्य परदेशी नौका आली, ती स्थानिकांच्या नजरेस पडली, पोलिसांना तात्काळ वर्दी गेली आणि नौकेत तीन रायफली व काडतुसे सापडली. घातपाताचा हेतू नव्हता, ओमानच्या समुद्रात सोडून दिलेली ती नौका वाहत आली होती, असे निष्पन्न झाले. तरी साखळी या वेळी जुळली, हे महत्त्वाचे.

आज किनारा राखण्यास नौदल आहे, १९७७ पासून तटरक्षक दल आहे, सागरी पोलीस आहेत. तरीही सामान्य नागरिकाचे काम संपलेले नाही. कायद्याची रेषा थोडक्यात अशी आहे. किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंतचा समुद्र आपल्या सार्वभौमत्वाचा आणि दोनशे मैलांपर्यंतचा आपल्या आर्थिक हक्कांचा. १९७६ च्या कायद्याने हे निश्चित केले आहे. परकी व्यापारी जहाजे शांततेने जात असतील तर त्यांना बारा मैलांच्या आतूनही जाण्याचा हक्क आहे. म्हणून परके जहाज दिसले की शत्रू आला असे समजू नये. परंतु परक्या नौकेने परवानगीवाचून मासे धरणे, किनाऱ्याजवळ विनाकारण रेंगाळणे, रात्री दिवे मालवून उभे राहणे, लहान होड्यांशी मालाची देवघेव करणे, ही लक्षणे जाणत्या डोळ्याला लगेच कळतात.

कान्होजींच्या दस्तकासारखी एक व्यवस्था आजही आहे. आंतरराष्ट्रीय प्रवास करणाऱ्या ३०० टनांवरील जहाजांवर स्वयंचलित ओळख यंत्र असणे बंधनकारक आहे. ते यंत्र जहाजाचे नाव, दिशा आणि वेग रेडिओलहरींवरून सतत जाहीर करीत असते. हे संदेश गुप्त नसतात. किनाऱ्यावरचा विद्यार्थी साध्या ग्राहक यंत्राने ते ऐकू शकतो आणि संगणकाच्या नकाशावर कोणीही ते पाहू शकतो. अगदी समता कॉलोनीत बसूनसुद्धा! पण दस्तकाला जी मर्यादा होती तीच या यंत्रालाही आहे. ते बंद करता येते, त्यात खोटी माहिती भरता येते आणि लहान होड्यांवर ते बहुधा नसते. नकाशावर समुद्र रिकामा दिसतो आणि डोळ्यांना समोर जहाज दिसते, ही विसंगती टिपावयास शेवटी माणूसच लागतो. म्हणूनच महाराष्ट्रात मच्छीमारांची सागर सुरक्षा दले उभी राहिली. सागरी पोलिसांसाठी १०९३ आणि तटरक्षक दलासाठी १५५४ हे दूरध्वनी क्रमांक ठेवण्यात आले आहेत. वर्दी देताना वेळ, ठिकाण, दिशा, रंग, शिडे वा डोलकाठ्या, अंगावरील नाव व क्रमांक आणि माणसांची संख्या एवढे सांगितले की पुरे. जवळ जाण्याचे धाडस करू नये, अफवा पसरवू नये आणि आपल्या नौदलाच्या हालचालींची चित्रे चारचौघांत दाखवू नयेत. वर्दी द्यावी, न्याय करू नये. सरखेलांच्या काळी जे दोन्ही अधिकार एका हातात होते, ते आज वेगळे आहेत आणि ते वेगळेच असावेत.

आपण येथे समुद्रापासून शेकडो मैल दूर राहतो. तथापि आपली मुले मुंबईस, विशाखापट्टणमला, परदेशच्या बंदरांत नोकरीस आहेत, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत आपण कोकणात जातोच. अलिबागेस गेलात तर ओहोटीची वेळ विचारून कुलाब्यात पायी जा. सुवर्णदुर्ग, खांदेरी आणि विजयदुर्ग हे तिन्ही किल्ले जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या लष्करी वारशाचा भाग म्हणून जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाले आहेत. मुंबईतील नौदलाच्या तळाला १९५१ पासून आंग्रे हे नाव आहे. हा सन्मान योग्यच आहे. परंतु सरखेलांचे खरे स्मारक दगडांत नाही. ते जाळे सावरताना क्षितिजाकडे एकदा नजर टाकणाऱ्या नाखव्याच्या सवयीत आहे.

आणि कचेरीत बसणाऱ्या माझ्यासारख्यांसाठी त्यांच्या चरित्राचा बोध याहून साधा आहे. किनाऱ्यावरचा माणूस काही सांगावयास आला तर आवक क्रमांक जरूर टाकावा. पण तो टाकण्यापूर्वी उठून खिडकीतून समुद्राकडे पाहावे.